ओटी भरलेली मोटर

उज्जैनच्या माधव नगरातल्या गोपाळकृष्ण पोतनिसांची शिडाची बोट पाण्यात होती त्याहून जास्त लोकांच्या तोंडात होती. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी खजिना सांभाळायचे, म्हणजे दुसऱ्यांचा. स्वतः गोपाळरावांनी पाटबंधारे खात्यात जन्मभर दुसऱ्यांचं पाणी मोजलं. धरणाच्या भिंतीवर उभं राहून खाली बघताना त्यांना नेहमी मधुमेह झालेल्या हलवायासारखं वाटायचं. म्हणून रिटायर झाल्याबरोबर भोपाळकडच्या एका बंद पडलेल्या क्लबातून त्यांनी ही बोट ट्रकवर घालून आणली. एक डोलकाठी, एक पांढरं शीड, दोघांपुरती बैठक. तिसरा आलाच तर त्याने श्वास आत ओढून बसावं.

मक्सी रोडच्या अंगाला एक ऐसपैस तळं आहे, तिथे ती बांधलेली असे. शिडात वारा भरला की ती इतकी हळुवार निघायची की एकदा डोलकाठीवर डुलकी घेणारा बगळा थेट पलीकडच्या काठावर जागा झाला आणि आपलं गाव कुठे गेलं म्हणून संध्याकाळपर्यंत म्हशींना विचारत फिरला. त्या शांततेत गोपाळरावांना आपल्या गुडघ्यांचाही आवाज ऐकू यायचा नाही. त्यांना एवढंच हवं होतं.

आणि हवं होतं की बायकोने, विनोदिनीबाईंनी, एकदा तरी सोबत बसावं. पण बाईंनी बोटीला कधी पाय लावला नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्या म्हणायच्या, "मिक्सरला बटण असतं, पंख्याला बटण असतं. वाऱ्याला बटण असतं का? नाही ना? मग मी त्याच्या भरवशावर बसणार नाही."

त्यातच गोपाळरावांचा उजवा खांदा आखडला. शीड ओढताना कळ यायची, वल्ही मारणं तर सुटलंच. बोट काठावर पडून राहिली. तिच्यात एका कुत्रीने पिल्लं घातली. तेव्हा बाईंचा भाचा श्रीनाथ पुढे आला. नानाखेड्याला त्याचं मॅरेज गार्डन होतं आणि पाहुण्यांना काहीतरी हटके दाखवायची त्याला खोड होती. तो म्हणाला, काका, बोट मला द्या. हिरवळीवर ठेवतो, आत बर्फ भरतो, बर्फात मडकी रोवतो. बोटीत पाणीपुरी. उज्जैनमध्ये कोणाकडे नाही.

गोपाळरावांना त्या रात्री स्वप्न पडलं. बोट हिरवळीवर उभी आहे आणि एक नवरदेव तिच्यात वाकून आणखी तिखट पाणी मागतोय. ते दचकून उठले.

बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली. खांदा चालत नसताना बोट चालवून दाखवा, दाखवली तर राहील; नाही तर सोनं वाटून झालं की श्रीनाथ टेम्पो घेऊन येईल. गोपाळरावांनी मग दिल्लीहून मोटर मागवली. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची, खाली पंखा, वर टोपीसारखं झाकण, धरायला एक दांडा. दांड्याची मूठ पिळली की वेग वाढतो. बंद करायला लाल बटण, आणि त्या बटणातच अडकवलेली एक गुंडाळ्या-गुंडाळ्यांची लाल दोरी. दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याने मनगटात घालायचं. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, बटणाची चिमटी निघते, मोटर जागच्या जागी गप्प.

अंगणात पाण्याच्या पिंपात त्यांनी ती चालवून दाखवली. सुरू, बंद. सुरू, बंद. बाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. बटण पाहून त्यांचा चेहरा जरा सैल पडला. त्या म्हणाल्या, "याला बटण आहे. मी येईन."

गोपाळरावांना त्या क्षणी मोटरीच्या पाया पडावंसं वाटलं. पाया पडायचं काम मात्र बाईंनी केलं, आणि सगळं तिथेच फिसकटलं.

खंडेनवमीला पोतनिसांच्या घरी हत्यारांची पूजा होते. तलवारी गेल्या, तरी सुरी, विळी, कात्री, पक्कड, पेचकस, नेलकटरसुद्धा पाटावर मांडलं जातं, झेंडूखाली झाकलं जातं, आणि दसऱ्याच्या संध्याकाळच्या आरतीपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही. त्या दीड दिवसात त्या घरी भाजीसुद्धा हाताने मोडता येईल अशीच होते. यंदा मोटरही पूजेत बसली. आता मोटर म्हणजे बाईमाणूस, आणि नव्यानेच घरात आलेली. बाईंनी तिची ओटी भरली. नारळ ठेवला, तांदूळ घातले, हिरवा खण अंगभर लपेटला. मग त्यांची नजर त्या लाल दोरीवर गेली.

त्यांना कंपनीचं फार कौतुक वाटलं. एवढी मोठी कंपनी, पण मशीनला कलावा, म्हणजे पूजेचा लाल धागा, बांधून पाठवते. फक्त बांधणाऱ्याला बांधता आलं नव्हतं, एक टोक नुसतंच लोंबत होतं. बाईंनी ते टोक मुठीभोवती नीट गुंडाळलं, वरून महाकालाहून आणलेल्या नाड्याचे आडवे-उभे वेढे दिले आणि गाठ मारली.

बाईंच्या गाठीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. त्यांनी लोणच्याच्या बरणीला बांधलेला दादरा घरात कोणाला कधी सुटला नाही. लोणचं मुरायचं ते त्याच भीतीने. लग्नानंतर नागपूरला जाताना त्यांनी बांधलेली वळकटी अजून माळ्यावर तशीच आहे. आत काय आहे हे आता कोणालाच आठवत नाही.

सीमोल्लंघनापुरती बाईंनी मोटरीला तेवढी सूट दिली होती, म्हणून दसऱ्याच्या दुपारी ती उचलायला गेलेल्या गोपाळरावांनी हे सगळं पाहिलं. बटण खणाखाली, पेट्रोलची तोटी खणाखाली, मोटर वर उचलायची खिट्टीही खणाखाली, आणि सगळ्यावर ती गाठ. बोलायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण बाई नवी पैठणी नेसून, केसात झेंडू माळून, हातात पाण्याची बाटली घेऊन दारात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बोटीत बसायला निघाल्या होत्या. आता नाडा सोडा म्हटलं तर अपशकुन झाला म्हणून त्या घरात परत जातील, आणि टेम्पो येईल. सुरू करायची दोरी तेवढी मोकळी होती. थांबायचं पुढे बघू, असं म्हणून ते गप्प बसले. निघताना त्यांनी फक्त एक छोटी सुरी मागितली. बाई म्हणाल्या, आरतीनंतर.

तळ्याच्या काठी गावातली निम्मी मराठी मंडळी जमली होती. दरवर्षीचं सीमोल्लंघन फ्रीगंजच्या चौकापर्यंत चालत जाऊन व्हायचं; यंदा पोतनीस जोडपं पाण्यावरून करणार आणि पलीकडच्या काठावरच्या आपट्याची पानं आणून सगळ्यांना सोनं वाटणार अशी बातमी होती. श्रीनाथही होता. तो बोटीची लांबी टेपने मोजत होता, किती मडकी बसतील ते बघायला.

बाईंनी पदर खोचला, डोळे मिटले आणि बसल्या. गोपाळरावांनी डाव्या हाताने दोरी ओढली. मोटर एका झटक्यात सुरू झाली. काठावर टाळ्या पडल्या. त्यांनी मूठ थोडीशी पिळली. बोट निघाली. आणखी थोडी पिळली, कारण श्रीनाथ बघत होता. तेवढ्यात मागून उडालेल्या पाण्याने नाडा भिजला. भिजलेला सुती नाडा आखडतो. आखडला तो मुठीला घेऊनच आखडला, आणि जिकडे वेग वाढतो तिकडेच.

मग जे झालं त्याला चालणं म्हणता येणार नाही. बोटीचं नाक वर आलं, शेपूट खाली गेलं, आणि ती अशी सुटली की तळ्यातले मासे कडेला सरून वाट देऊ लागले. बदकांची एक रांग मध्ये आली होती. बोट गेल्यावर ती रांग उलट्या दिशेने, उलट्या क्रमाने पोहत होती. गोपाळरावांनी मूठ मागे पिळली. मूठ हलली नाही. बटण दाबायला गेले तर खणाखाली नारळ लागला. लाल दोरी ओढली तर दोरीबरोबर सगळी मोटरच त्यांच्याकडे वळून बघायला लागली.

समोर काठ येत होता. काठावर दगड, दगडांवर म्हशी. त्यांनी दांडा वळवला. बोट कलली, वळली, आणि आल्या वाटेने तशीच सुसाट परत निघाली. तिकडे सगळी मंडळी नटूनथटून उभी. पुन्हा दांडा. तळ्यात सरळ जायला जागा किती असणार? थांबता येत नव्हतं, धडकता येत नव्हतं. उरलं फक्त गोल फिरणं.

बाईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, "फार जोरात चाललंय. जरा हळू घ्या."

"हळू होत नाहीये."

"मग बंद करा. बटण आहे ना."

"बटण तुझ्या नाड्याखाली आहे."

बाईंनी मागे वळून मोटरीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "नाडा आरतीपर्यंत सोडायचा नसतो. पण तुम्ही सोडा, मी तिकडे बघते." आणि त्या खरोखरच तिकडे बघू लागल्या.

गोपाळरावांनी नखं लावली. ओली गाठ दगडासारखी झाली होती. किल्ली लावली, किल्ली वाकली. चष्म्याची काडी लावली, ती गेली. शेवटी त्यांनी वाकून दात लावले. दात चांगल्या डॉक्टरकडचे होते, पण त्यांचे नव्हते. वरची कवळी गाठीत जी रुतली ती तिथेच राहिली. मोटरीच्या धडधडीने ती खालीवर हलायला लागली, आणि पोतनिसांची कवळी पोतनिसांच्याच तोंडावर खदाखदा हसू लागली.

एका फेरीत ते काठाजवळून गेले तेव्हा श्रीनाथने विचारलं, काका, काय करून राहिलात? उत्तर द्यायला तोंड उघडलं तर रिकाम्या हिरड्या साऱ्या समाजाला दिसल्या असत्या. त्यांनी हात वर केला. मंडळींना वाटलं आशीर्वाद देतायत. त्यांनीही हात जोडले. पुढच्या फेरीला रस्त्यावरचे लोक येऊन उभे राहिलेले दिसले. कोणीतरी हिंदीत ओरडून सांगत होतं, "अंकल, रेस कम करो, रेस!" दुसरा त्याला गप्प करत होता, की परिक्रमेच्या मध्ये बोलू नये. त्यानंतरच्या फेरीला नारळवाला आला होता, आणि एकाने पोह्याची कढई लावली होती. गोपाळरावांना वास आला आणि निघून गेला. सगळंच त्यांच्याजवळ येत होतं आणि निघून जात होतं.

त्यात ते आपट्याचं झाडही. ते पलीकडच्या काठावर पाण्यावर वाकलेलं होतं. दर फेरीला त्याची फांदी बोटीवरून सपकन जायची. एकदा ती बाईंच्या केसांतला झेंडू घेऊन गेली. बाईंना राग आला. पुढच्या फेरीला त्यांनी हात वर करून फांदीची मूठभर पानं ओरबाडली. आपली फुलं गेली, झाडाची पानं आली, हिशेब मिटला असं त्यांना वाटलं असावं. पण त्याच्या पुढच्या फेरीला त्या अर्धवट उभ्या राहून वाट बघत होत्या. दोन्ही हात वर. पदर मागे झेंड्यासारखा.

गोपाळराव पाठमोऱ्या बाईंकडे बघत होते. बाईंचे खांदे हलत होते. बिचारी रडतेय, असं त्यांना वाटलं. आपल्या हट्टापायी हिला इथे आणलं. बोट गेली तर गेली, पाणीपुरी तर पाणीपुरी, पण हिला सुखरूप खाली उतरवायलाच हवं. आणि तेव्हा त्यांना शीड आठवलं.

वारा पश्चिमेचा होता, बऱ्यापैकी. बोटीचं नाक बरोबर वाऱ्यावर धरायचं, शीड चढवून उलटं, वाऱ्याच्या तोंडाला द्यायचं. मोटर पुढे ढकलेल, वारा मागे. त्यांनी खुणेने बाईंना डोलकाठीची दोरी दाखवली. स्वतःच्या खांद्याने ती ओढवली नसती. बाईंनी कुरकुरत ती ओढली, दोन वेढ्यांत बांधूनही टाकली. शीड फाडकन भरलं, गोपाळरावांनी आपल्या अंगाने ते अडवून धरलं, आणि बोट थांबली.

म्हणजे अगदी थांबली. मोटर सगळ्या जोरानिशी पुढे, वारा सगळ्या जोरानिशी मागे, आणि मध्ये बोट तळ्याच्या मधोमध थरथरत उभी. पुढे वीतभर नाही, मागे वीतभर नाही. आसपासचं पाणी ताकासारखं घुसळून निघालं. काठावरचे लोक सांगतात की त्यावर लोणी आलं होतं, पण तेवढं खरं नसावं, नुसता फेस होता. मोटरीने जोर केला की वारा जोर करी. वारा दमला की मोटरही खोकून दम घेई. गोपाळराव शिडाला पाठ लावून, दांडा धरून, हिरड्या आवळून त्यांच्या मध्ये उभे होते. पाय हलवला असता तर कोणीतरी एक जिंकलं असतं.

"का थांबवलंत?" बाई म्हणाल्या.

त्यांनी वळून पाहिलं. बाईंचे डोळे ओले होते, पण ते पाण्याच्या तुषारांनी. गाल लाल झाले होते. मांडीवर, पायाशी, सगळीकडे आपट्याची पानं. त्या रडत नव्हत्या. त्या इतका वेळ हसत होत्या.

"आणखी दोन फेऱ्यांत ती फांदी पूर्ण झाली असती," त्या म्हणाल्या. "चांगलं चाललं होतं. या तुमच्या फडक्याने मध्येच अडवलं."

गोपाळरावांना पुष्कळ सांगायचं होतं. फडक्याने अडवलं नाही, वाचवलं. हेच फडकं तुला बगळ्यासारखं झोपवून पलीकडे नेतं. थांब, पेट्रोल संपू दे, मग दाखवतो. पण दात मोटरीवर होते.

ऊन कलल्यावर पेट्रोल संपलं. मोटर एकदा शिंकली आणि गप्प झाली. कवळीही हसायची थांबली. तळ्यावर ती शांतता पसरली, जिच्यासाठी गोपाळरावांनी बोट आणली होती. वारा मंद होता. त्यांनी शीड सरळ केलं, आणि बोट पाण्याला पत्ता न लागू देता काठाकडे निघाली. आकाश केशरी झालं होतं, बगळे परतत होते. आता हिला कळेल, असं मनाशी म्हणत ते मोठ्या आशेने बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

बाई जांभई देत होत्या.

"हे असंच जातं का नेहमी?" त्यांनी विचारलं. "यापेक्षा पायी लवकर पोचू. तिकडे आरती खोळंबली असेल."

काठावर मंडळींनी बोट ओढून घेतली. बाई उतरल्या त्या ओच्यात पानांचा ढीग घेऊनच. सगळ्यांना सोनं वाटलं, तरी उरलं. बायकांनी त्यांना गराडा घातला. भीती नाही का वाटली, चक्कर नाही का आली, आम्हाला नेणार का. श्रीनाथ टेम्पोची चावी बोटाभोवती फिरवत बाजूला उभा होता. त्याने विचारलं, "आत्या, मग बोट भरायची ना?"

उतरता उतरता गोपाळराव तिथेच अडले. चिखलात एक पाय, बोटीत एक पाय.

"बोट राहील," बाई म्हणाल्या. "दर रविवारी भिशीच्या बायकांना फिरवायचं ठरलंय माझं. मोटर छान आहे, आज दमली बिचारी. पण ती काठी आणि ते फडकं काढून घे बाबा तिच्यावरचं. ऐन वेगात आडवं येतं." मग त्यांनी श्रीनाथच्या पाठीवर हात ठेवला. "तू रिकाम्या हाताने जाऊ नकोस. ते तू ने. मांडवाला होईल."

गोपाळरावांनी तोंड उघडलं. सारा समाज त्यांच्याकडे बघत होता, हातात सोनं घेऊन. त्यांनी तोंड मिटलं. त्यांना जे मागायचं होतं ते त्यांना मिळालं होतं. बोट राहिली होती, आणि विनोदिनी तिच्यात बसणार होती. याच्यावर तक्रार करायची कशी, तेही हिरड्यांनी?

आरतीनंतर सुरी मिळाली. नाडा कापला, कवळी धुऊन बसवली. ती तेव्हापासून थोडी थरथरते.

आता दर रविवारी गोपाळराव मागे दांडा धरून बसतात आणि पुढे भिशीच्या बायका पाळीपाळीने बसून फांदीकडे हात करून किंचाळतात. आपट्याचं ते झाड एका बाजूने टक्कल पडल्यासारखं दिसतं. बटण आता उघडं आहे, हवं तेव्हा थांबता येतं. पण कोणी थांबू देत नाही.

थंडीत नानाखेड्याला श्रीनाथच्या गार्डनमध्ये एक लग्न होतं. पाणीपुरीच्या गाड्यावर डोलकाठी रोवून शीड छतासारखं ताणलेलं होतं, त्याला दिव्यांच्या माळा लावलेल्या. गोपाळराव प्लेट घेऊन रांगेत उभे होते. तेवढ्यात पश्चिमेची एक झुळूक आली. शीड भरलं. गाडा, मडक्यांसकट आणि पाणीपुरीवाल्यासकट, कोणाला पत्ता न लागता हिरवळीवरून हळूच पुढे सरकू लागला. पाणीपुरीवाला पुऱ्या फोडतच होता. रांग चार पावलं पुढे चालून पुन्हा उभी राहिली.

शिडाची दोरी गोपाळरावांच्या अगदी कानाजवळून गेली. त्यांचा हात आपोआप वर झाला. पण एका हातात प्लेट होती, आणि दुसरा खांद्यापाशी अडला.